पंख्याने उडालेली चिठ्ठी

रत्नागिरीत कायदा शिकत होतो तेव्हा भाट्याहून चालत येणारे एक म्हातारे गृहस्थ ग्रंथालयात रोज दिसत. नाव कधी विचारलं नाही. वरच्या कोर्टाने फिरवलेला निकाल सापडला, की ते त्या पानात चिठ्ठी ठेवत आणि तळहाताने ती नीट सपाट करत. चिठ्ठीवर लिहिलेलं असे, 'हा निकाल आता चालत नाही.'

स्पर्धेसाठीचा माझा निबंध अशाच एका निकालावर उभा होता. त्या पानातली चिठ्ठी मी खिशात घातली. पहिलं बक्षीस मिळालं.

पुढच्या आठवड्यात ते माझ्यासमोरच बसून तीच चिठ्ठी नव्याने लिहीत होते.

"पंख्याने उडाली असेल हो, वकीलसाहेब," माझ्याकडे न बघता म्हणाले.

मी नुसती मान हलवली. पंखा महिनाभर बंद होता, आणि ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.