दहा पावलं पुढे

माझ्याबरोबर चालताना वाऱ्यालाही धाप लागते. हवं तर त्यालाच विचारा. नकाशा आणि होकायंत्र घेऊन जंगलात खुणेचे झेंडे शोधायच्या स्पर्धेत आम्ही नवरा-बायको उतरलो होतो. सगळे झेंडे सापडले आणि परतीच्या रेषेवर मी एकटाच आधी पोचलो.

"काका, जोडीनं आल्याशिवाय गुण नाहीत," पंच म्हणाले. "पाचच मिनिटं उरलीत."

मागे वळलो. सागांच्या रांगेतून ती येत होती.

"अगंबाई, थांबलात? नवलच!" ती लांबूनच ओरडली.

तिचा डावा पाय किंचित ओढत पडत होता. ठशावरून वाघाचं वय सांगणारा मी. पण तीस वर्षं पुढेच चाललो, तिची चाल कधी पाहिलीच नाही.

वेळ संपल्याची शिट्टी वाजली, तेव्हा मी रेषेपासून दूर, तिच्या शेजारी, तिच्या पावलानं चालत होतो.