नाटककाराने परत केलेला डबा

ग्लासगोला आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये एक हंगेरियन नाटककार राहायचे. जन्मभर त्यांनी नाटकंच लिहिली, आणि त्यांतलं पात्र एकदा बोलायला लागलं की थांबायचं नाव घेत नसे. उतारवयात त्यांना पहिला सिनेमा मिळाला. त्या सिनेमाच्या शेवटी बायको नवऱ्याला सोडून जाते, तर यांनी तिला चार पानांचं भाषण दिलेलं. निर्मात्याने बजावलं, या प्रसंगात एकही शब्द नको, नाहीतर दुसरा लेखक बघतो. जिन्यात भेटले की बिचारे ती हंगेरियन पानं माझ्यापुढे नाचवत उभे राहायचे.

पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाईंना त्यांची दया आली. त्यांनी डबाभर रव्याचे लाडू खाली पाठवले. डबा परत आला तो घासूनपुसून लखलखीत, आणि रिकामा. झालं! लाडू आवडले नाहीत की आपला शेजारच नकोय, यावर घरात चर्चासत्र सुरू झालं. शेवटी मी वैतागून, पुराव्यादाखल डबा घेऊन, खाली गेले. त्यांना सांगितलं, आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात.

"आणि रिकामाच परत दिला तर?"

"मग संपलं सगळं."

माणूस माफी मागेल असं मला वाटलं होतं. त्यांनी डबा हिसकावला आणि माझ्या तोंडावर दार लावलं. संध्याकाळी डबा वर आला, आत कॅफेतून उचललेल्या साखरेच्या पुड्या.

सिनेमा लागला तेव्हा सासूबाई पुन्हा आल्या होत्या. शेवटच्या प्रसंगात नवरा बायकोला खाऊ पाठवतो. डबा परत येतो. तो झाकण उघडतो, आत काही नाही. सगळं थिएटर चिडीचूप, आणि सासूबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "अगं भवाने, चिमूटभर साखर तरी!" पुढच्या रांगा वळून बघायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण रडूही आवरेना.

मग नाटककारांना कामं मिळत गेली आणि ते लंडनला निघाले. सासूबाईंनी पुन्हा लाडू दिले. ते गेले त्या सकाळी डबा आमच्या दाराशी होता. उचलला तर अगदी हलका. सासूबाई तो मला उघडूच देईनात. खरं तर मलाही धीर होत नव्हता.

शेवटी मीच झाकण काढलं. आत जिन्यातली ती चार पानं होती, नीट घडी घातलेली. एक अक्षर कळत नव्हतं, तरी सासूबाईंनी चारही उलटून पाहिली.

"रिकामा नाही दिला हो," त्या म्हणाल्या.