डाव्या हाताचा धबधबा

"डाव्या हातानं जा, वीस मिनिटं." हे सांगताना तो एसटीच्या दारातून नुसती हनुवटी हलवायचा. हात तिकिटांत गुंतलेले.

पांढरकवड्याच्या बाजूला रानात एक धबधबा आहे. त्याच्या फाट्यावर उतरणाऱ्या प्रत्येकाला तो हा पत्ता द्यायचा. विचारलं नाही तरी द्यायचा. असे कंडक्टर तुम्हीही पाहिले असतील. हा माझा शेजारी होता.

रिटायर झाल्यावर एकदा माझ्या ओट्यावर येऊन म्हणाला, "भाऊ, एवढ्या लोकायले तिथं धाडलं, पण म्या सोता धबधबा पाह्यलाच नाही. खाली समुद्रावानी रेती हाय म्हन्ते. गुडघे चालून राह्यले तोवर जाऊन येऊ."

पोळा झाल्यावर गेलो. फाट्यावर उतरून डाव्या हाताला वळलो. तासभर चाललो. ना पाणी, ना पाण्याचा आवाज.

"वाट चुकली," मी म्हटलं.

"चुकन कशी? म्याच सांगतली हाय ना!"

मी कोणाला रस्ता विचारत नाही, आणि हा तर सांगणारा. दोघंही मुकाट चालत राहिलो. वाट एका कपाशीच्या वावरात जाऊन संपली. तण निंदणारी बाई आम्हाला पाहून हसायलाच लागली.

"धबधबा थो उजवीकडं हाय, बाबाजी. समदे इकडंच येते. कोनतरी कंडक्टर सांगते म्हने. लोकायले पानी पाजू पाजू थकली मी."

त्यानं टोपी काढली. तिच्या हातचं पाणी प्याला.

दुपारी एकदाचे पोचलो. पाणी धो धो पडत होतं आणि खाली खरंच पांढरी रेती. मी चपला काढून पाण्यात शिरलो. हा पाण्याकडे पाठ करून उभा.

"भाऊ, किती लोक तसेच वापस गेले असन?"

"गेले तर गेले. तू रेतीत पाय तर टाक!"

"नाही. कोन्या तोंडानं टाकू?"

पुढच्या आठवड्यात चुन्याचा डबा घेऊन तो फाट्यावर गुडघे टेकून बसला आणि एका दगडावर उजवीकडे बाण काढला.

"वाकडा झाला," मी म्हटलं. झालाच होता.

"समजते ना?"

"समजते."

"मंग?"

तेवढ्यात गाडीतून एक नवराबायको उतरले. बाण पाहून उजवीकडे वळले. झाडीआड जाईपर्यंत तो त्यांच्याकडे पाहत राहिला.

तो जाऊन दोन वर्षं झाली. पावसात चुना धुऊन जातो, म्हणून पोळा झाला की मी जाऊन बाण पुन्हा काढतो. माझा हात चांगला आहे, सरळ काढता येतो. काढत नाही.