एलेआसारच्या नावाची शिष्यवृत्ती

ओब्दुलिया त्रेविन्यो या बाईचा मुलगा एलेआसार हा त्यांच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. टेक्सासच्या दक्षिण टोकाला, नदीपलीकडे मेक्सिको दिसतो अशा गावात, कांदे निवडून आणि भरून जगणारं ते घर. मेक्सिकन घरांतल्या मुलांसाठीची एक शिष्यवृत्ती त्याला मिळाली आणि तो सान अँटोनियोला शिकायला गेला. पण बापाची, निकानोरची, कंबर गेलेली. हंगाम आला की पोरगा शुक्रवारी चार तास गाडी हाकत घरी यायचा, दोन दिवस कांद्याच्या शेडमध्ये बापाच्या जागी उभा राहायचा आणि परत जायचा. ओब्दुलिया त्याला कधी नको म्हणाली नाही. उलट शुक्रवार उजाडला की तिला हुरूप यायचा. सकाळपासून चुलीवर घेवडा रटरटत असायचा.

एका रविवारी परत जाताना एलेआसारचा डोळा लागला. गाडी रस्ता सोडून खांबावर आदळली. घरी आणलं ते प्रेतच.

वर्षभर ओब्दुलिया कुणाशी धड बोलली नाही. मग नाताळच्या तोंडावर तिनं चर्चच्या दारात भलंमोठं पातेलं मांडलं आणि वाफाळते तमाल, म्हणजे कणसाच्या सालीत गुंडाळून उकडलेले मक्याच्या पिठाचे उंडे, विकायला बसली. त्या पैशातून गावातल्या एका मुलाला दरवर्षी शिकवायचं, एलेआसारच्या नावानं.

"तमाल विकून कॉलेज चालवणार म्हणे! आता हिला प्रिन्सिपॉलबाईच म्हणायला हवं," शेजारीण चोना हसली. पण पुढच्या नाताळला तीच बाह्या सरसावून पीठ मळायला आली.

शिष्यवृत्ती देताना ओब्दुलिया प्रत्येकाकडून एकच वचन घ्यायची. "मधेच घरी यायचं नाही. आई रडली तरी नाही, बाप अंथरुणाला खिळला तरी नाही. सुट्टी लागली की तोंड दाखव." मुलं आधी हसायची, मग तिच्या चेहऱ्याकडे बघून मुकाट्यानं हो म्हणायची.

यादिरानंही म्हटलं होतं. नर्सिंग शिकायला गेलेली हुशार पोर. आई धाकट्या बहिणीच्या जन्मावेळी वारलेली. दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये चोना धावत आली.

"अगं, तुझी यादिरा शेडमध्ये कांदे भरतेय! तिच्या बापाला कामावर जाताना पोलिसांनी पकडलं आणि नदीपार धाडलं. इथं राहायचे कागद नव्हते ना त्याच्याकडे."

ओब्दुलिया तडक तिच्या घरी गेली. दोन भाऊ जमिनीवर गृहपाठ करत बसले होते, धाकटी यादिराच्या पायाला बिलगून उभी होती. यादिरा रोट्या लाटत होती.

"तू मला शब्द दिला होतास, पोरी."

"दिला होता, ओब्दुलियाबाई. तेव्हा बाबा होते."

"उद्याच्या उद्या परत जा. ह्यांना मी सांभाळते."

"तुम्ही सांभाळाल हो. पण ही ताई कुठाय म्हणून रडायला लागली, तर काय सांगाल? बाबा गेले तशी तीही गेली?"

"माझ्या पोराचं नाव आहे त्या शिष्यवृत्तीला!" ओब्दुलियाचा आवाज चढला. "मातीत घालू नकोस ते."

यादिरानं लाटणं बाजूला ठेवलं. "रागावू नका, एक विचारते. एलेआसार दर आठवड्याला यायचा, ते त्याला कुणी सांगितलं होतं?"

"कुणीच नाही."

"मग मलाही कुणी सांगितलं नाही."

ओब्दुलिया खुर्चीत बसली.  मग हलकेच म्हणाली, "तो आला की मला फार बरं वाटायचं गं. म्हणून नको म्हटलं नाही मी." निकानोरपाशीही ती हे कधी बोलली नव्हती.

त्या मे महिन्यात चर्चच्या हॉलमध्ये नवा मुलगा शिष्यवृत्ती घ्यायला पुढे आला आणि वचनासाठी थांबून राहिला. ओब्दुलियानं त्याची कॉलर नीट केली आणि त्याला जाऊ दिलं.

यादिरा कॉलेजात परत गेली नाही. हंगाम असला की शेड बंद होईपर्यंत ओब्दुलिया तिच्या भावंडांजवळ बसते. पलीकडून बापाचा फोन येतो तो संध्याकाळी. मुलगे बोलतात. सुरुवातीला धाकटी फोन हिसकावून घ्यायची. आता हाक मारली तरी ती अंगणातून आत येत नाही.