बबनरावांची गणितं

भोरच्या स्टँडवर त्या सकाळी सवयीने हिर्डोशीच्या गाडीकडे पाहिलं, तर दारात दुसराच कंडक्टर. “बबनराव रजेवर का?” विचारलं. तो म्हणाला, “सर, तुमाला कळलं न्हाई? परवा झटका आला. दवाखान्यात न्यायच्या आदीच गेले.” दुःख नंतर झालं. आधी मनात आलं, आता सांगायचं राहिलं... ज्यांची माफी मागायची तेच गेले.

मी भोरला गणित शिकवतो. शिष्यवृत्तीच्या एका सराव परीक्षेत हिर्डोशीच्या वरच्या धनगरवाड्यावरची रूपाली भेटली. आठवीतली पोर, बाप शेरडं राखणारा, घरात शाळेची पायरी चढलेलं दुसरं कुणी नाही. ज्या गणितासाठी मी अख्खा फळा भरला असता, ते तिने चार ओळींत सोडवलं होतं. अशा मुलांना हात दिला पाहिजे, असं मी सभांमधून तावातावाने बोलायचो. तो हात डोंगरावर पोचवायचा कसा, याची तोड काढली बबनरावांनी. त्यांची गाडी रात्री हिर्डोशीला मुक्कामाची. दोन वह्या केल्या. सकाळी रूपाली डोंगर उतरून गाडीशी यायची, सोडवलेली वही द्यायची, तपासलेली घ्यायची. वही यायची-जायची ती त्यांच्या तिकिटांच्या बॅगेतून. ते स्वतः दहावीला गणितातच आपटलेले, पण वही अशी जपायचे की जणू खजिना.

चार महिने सुरळीत चाललं. मग माझ्या शिकवणीला गर्दी वाढली आणि वही कपाटात पडून राहिली. “सर, वही?” बबनराव विचारायचे. मी म्हणायचो, “उद्या नक्की.” असे आठ-दहा उद्या झाल्यावर त्यांनी विचारणं सोडलं आणि मला, खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखं वाटलं. पोरीचाच उत्साह संपला असेल, अशी मी स्वतःची समजूतही घातली.

त्या वर्षी रूपाली शिष्यवृत्तीच्या यादीत झळकली. भोरला सत्कार झाला, तिचा आणि मार्गदर्शक म्हणून माझा. माईकवर ती म्हणाली, “सरांनी गाडीतून गणितं पाठवली. भोरला इतके चढले, धरणाशी इतके उतरले, शेवटी गाडीत किती बाया, किती पोरं... ती मला लई आवडायची.” असलं एकही गणित मी घातलं नव्हतं. मागे बबनराव खाकी कपड्यांत उभे होते. नजरानजर झाली. त्यांनी हळूच मान हलवली, राहू द्या म्हणून. आणि मी राहू दिलं! शाल पांघरली, नारळ घेतला, घरी आलो. पुढे ते दोनदा म्हणाले, “सर, वाड्यावर आनखी एक पोरगी हाय, हुशार हाय.” मी म्हणालो, “बघू.” तेव्हाही त्यांनी मला चहाच पाजला.

वरव्याला, त्यांच्या गावी, दहाव्याला रूपाली आली होती. आता ती पुण्यात बीएस्सीला आहे. तिला बाजूला घेऊन सगळं कबूल केलं. ती म्हणाली, “मला तवाच कळलं व्हतं, सर. तुमची शाई लाल, कंडक्टरमामांची निळी. आन् त्यांच्या एका गणितात शेवटी गाडीत वजा तीन माणसं उरली व्हती.” दोघंही हसलो, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी विचारलं, “मग माझं नाव का घेतलंस?”

“मामाच म्हणले, सत्कारात सरांचंच नाव घे. म्हंजी फुडच्या पोरांना सर न्हाई म्हणायचे न्हाईत.”

त्या पुढच्या पोरीचं नावसुद्धा मी विचारलं नव्हतं.

ती वही अजून माझ्या कपाटात आहे. तिकिटांच्या बॅगेत बसावी म्हणून बबनरावांनी घातलेली घडी कव्हरावर तशीच आहे. परवा उघडली. शेवटच्या पानावर रूपालीचं गणित, खाली बारीक अक्षरात, ‘सर, बरोबर आहे का?’ लाल पेन घेऊन बसलो. तपासायला दोन मिनिटं लागली. बरोबर होतं.