चष्म्याच्या घरातल्या गोळ्या

येवल्यात विणकरांच्या बैठकीला गेले होते, तिथेच फोन आला. "तुझी आत्या गेली गं," काका, म्हणजे आत्याचे यजमान, एवढंच म्हणाले. बाहेर येऊन मी मागाच्या खोलीशी उभी राहिले... आठवड्यापूर्वी तर ती दवाखान्यातल्या कॉटवर उशीला टेकून हसत होती.

सुमनआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. मी अक्षरं शिकले ती तिच्या पत्रकांवर. इंदिरानगरच्या तिच्या घरात पत्रकांचे गठ्ठे असत आणि शाळेच्या सुट्टीत मी घड्या घालायला बसत असे. तिचं आवडतं पत्रक स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवलेलं होतं: 'विचारा, हे औषध कशासाठी?' गरज नसलेली इंजेक्शनं, सलाईनं, टॉनिकं गरिबांच्या गळ्यात मारली जातात, याची तिला मनस्वी चीड होती. ती एसटीने पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर जायची, ओट्यावर बसून पत्रक वाचून दाखवायची. एकदा एक म्हातारा म्हणाला, "ताई, इचारलं तं डाक्टर लय चिडतो."

"चिडू दे की! चिडला म्हणजे समजायचं, प्रश्न बरोबर बसलाय."

सगळा पाडा हसला होता. मीही. पुढे मीही तिच्या कामात उतरले आणि ते वाक्य आमच्या कितीतरी बैठकांत टाळ्या घेत राहिलं.

यंदा थंडीत भाजी चिरता चिरता तिचं डोकं असं दुखलं, की तिला विळीवरून उठताच येईना. मेंदूतली फुगलेली रक्तवाहिनी फुटून मेंदूभोवती रक्त साचलं होतं. ऑपरेशन झालं, चांगलं झालं. मी भेटायला गेले तेव्हा ती शुद्धीवर होती, मला चहा पाजायची काकांना ऑर्डर सोडत होती. चष्मा लॉकरवर उघडाच पडलेला. चष्मा उघड्यावर टाकणाऱ्याला जन्मभर रागावलेली ही बाई! मी तो त्याच्या घरात ठेवायला गेले, तर "राहू दे," म्हणत तिने चष्म्याचं घर उशीखाली सरकवलं. मग डोळे मिचकावून म्हणाली, "डॉक्टरला विचारलं, माझं बीपी नॉर्मल, मग ही बीपीवाल्यांची गोळी मला कशाला? तर म्हणतो, 'डॉक्टर तुम्ही की मी?' काय चिडला गं!"

फार खुशीत होती ती.

दोन दिवसांनी तिचा उजवा हात लुळा पडला. मग वाचा गेली. आयुष्यभर बोलत आलेली माझी आत्या नुसती बघत राहिली, आणि नंतर बघायचीही थांबली. काकांनी उशी बदलायला उचलली तेव्हा ते घर सापडलं. आत पिवळ्या गोळ्या. सिस्टर हातावर ठेवायच्या, ही पाणी प्यायची आणि गोळी आत टाकायची. फेकली नव्हती एकही. औषध वाया घालवणं तिला कधीच पटलं नाही.

अंत्यविधीनंतर वॉर्डातल्या एका शिकाऊ डॉक्टरीणबाईंनी काकांना आणि मला समजावलं. गोळी बीपीच्या औषधांच्या कुळातलीच, पण इथे तिचं काम वेगळं. असा रक्तस्राव झाला की पुढच्या काही दिवसांत मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसू शकतात, मेंदूचा काही भाग रक्तावाचून मरतो. ते नुकसान कमी व्हावं म्हणून ती दर चार तासांनी, झोपेतून उठवूनसुद्धा द्यायची. "घेतल्या असत्या तर वाचल्याच असत्या असं नाही सांगता येत," बाई म्हणाल्या. "पण शक्यता वाढली असती."

दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत त्यांना. हीच दोन मिनिटं त्या मोठ्या डॉक्टरांकडे नव्हती. प्रश्न विचारणाऱ्या पेशंटला गप्प करणारा माणूस हुशार असेल, मी त्याला माफ करणार नाही. पण रागाला दुसरी बाजूही आहे, ती लपवली तर आत्याच मला दारात उभी करणार नाही. चिडणारा माणूस खोटाच असतो, हे आम्ही कुठून आणलं? डॉक्टर उद्धट होता आणि गोळी खरी होती. आमच्या पत्रकात या दोन्हींना एकत्र जागाच नव्हती. आत्या स्वतःच्याच वाक्यावर विश्वास ठेवून गेली.

परवा इंदिरानगरला गेले होते. दारामागचं पत्रक तसंच आहे. त्याखाली मी पेनने लिहिलं, 'उत्तर मिळेपर्यंत उठू नका.' काकांनी ते वाचलं. आत्याचा चष्मा फडताळात उघडाच पडलाय, काचांवर धूळ बसलीय. मी पदराने पुसला आणि घर शोधू लागले.

"त्यात नको ठेवूस," काका म्हणाले. "ते भरलेलं आहे."