गोमाजीच्या सात चिठ्ठ्या

करडीची सत्यभामाबाई अंगणवाडीची सेविका, आणि मतदार यादीचं कामही तिच्याच गळ्यात. नवी नावं चढवायची. मेलेल्यांची, गाव सोडून गेलेल्यांची काढायची. कामाला मोठी चोख. कौशल्याबाईचा पोरगा सुरतेला जाऊन तिथलाच झाला, तेव्हा कौशल्याबाईनं हात जोडले, "राहू दे ना वो नाव, येईल कधी तो." बाईनं ऐकलं नाही. नियम म्हणजे नियम. मग कौशल्याबाई फणकारली, "अन् तुहा नवरा? बारा वर्सं झाले, त्याचं नाव कायले ठेवून राहिली मंग?"

खोटं काय होतं त्यात? उभ्या यादीत तेवढी एकच लबाडी होती.

गोमाजी चिखल्याच्या खाणीवर ट्रक चालवायचा. चार-चार दिवस घरी नसायचा. बारा वर्षांपूर्वी असाच डबा घेऊन गेला तो गेलाच. पोटी मूलबाळ नाही, बाई एकटी. पोलीस झाले, देवऋषी झाले, काही थांग नाही. लोक म्हणाले, बांगड्या फोड आता. ती म्हणे, "यादीत नाव हाये ना? मंग जिता हाये." लोक हसत. हसोत बापडे!

कारण गोमाजीनं कधी मत चुकवलं नव्हतं. अंगात ताप असला तरी कांबळं पांघरून रांगेत उभा. मतदानाला तर नागपूर-पुण्याची माणसंही गावी येतात. उमेदवार गाड्या पाठवतात, असतील शिते तर जमतील भुते. मग हाच का नाही येणार? आणि नाव कापलं अन् नेमका तो आला, तर कोणत्या तोंडानं त्याला परत पाठवायचं?

म्हणून दर निवडणुकीला ती गावाच्या मतदार-चिठ्ठ्या वाटायची आणि गोमाजीची स्वतःजवळ ठेवायची. शाळेबाहेर बसून येणाऱ्या प्रत्येक जीपकडे डोळे लावायची. सहाला फाटक बंद झालं की चिठ्ठी घरच्या पेटीत. अशा सात झाल्या.

यंदा तहसीलमध्ये दुबार नावांची यादी आली. एकच माणूस दोन गावांत निघाला की चौकशी करून एक नाव कापायचं. बाई ऑफिसातल्या बाकावर कागद उलटत होती, आणि तिसऱ्या पानावर गोमाजी. बापाचं नाव डोमा, वय तेच, शेजारी दुसऱ्या गावचा फोटो. केस काळे केलेले, गाल वर आलेले. भुवईवरची खोक मात्र तीच.

तिनं कागद ऑपरेटरपुढे ठेवला. "प्रविणभाऊ, हे गाव कोणतं जी?"

"चंद्रपूरकडलं हाये, ताई."

"त्या घरात अजून कोन हाये?"

प्रविणनं यादी उघडली, वाचली आणि पडदा आपल्याकडे वळवून घेतला.

"सांगा ना जी."

"रिता. नवऱ्याचं नाव गोमाजी." त्यानं मान वर केली नाही. "अन् यंदा पोरगी चढली. रक्षा, वय अठरा. बापाचं नाव तेच."

घ्या! तो गेला बारा वर्षांपूर्वी, आणि पोरगी अठराची. म्हणजे ही मुलासाठी सोमवार धरत होती, पहाटे उठून त्याचा डबा भरत होती, तेव्हाच तिकडे पाळणा हलत होता. तो जिता राहावा म्हणून तिनं मोहाडीच्या चौंडेश्वरीला नवस केला होता. होता की जिता! मत चुकवणारा माणूसच नव्हता तो. इकडे ही जीपा मोजत बसायची, तिकडे तो बोटाला शाई लावून घरी जेवायला जात असेल. बाईला रडूही आलं नाही, नुसती लाज वाटली, स्वतःचीच.

नियमाप्रमाणे ती चौकशीला घरी गेली. आपल्याच घरी. शेजारच्या कौशल्याबाईला साक्षीला बोलावलं, सगळं सांगितलं आणि नाव कापायचा नमुना भरला. मयत नाही, बेपत्ता नाही. दुबार. खाली घरच्या माणसाची सही, ती तिनं केली. त्याखाली चौकशी करणाऱ्याची, तीही तिनंच केली. मग पेटीतल्या सात चिठ्ठ्या काढून चुलीत घातल्या.

कौशल्याबाईचा हात साक्षीच्या रकान्यावर अडला. तिच्या डोळ्यांना धार लागली होती.

"राहू दे ना वो नाव," ती म्हणाली.

"कायले?" सत्यभामाबाई म्हणाली. "कोनी येत नाही आता."